लूमला सोलर, शेताला सोलर आणि सोलापूरच्या उन्हाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की अक्कलकोट रोडला टॉवेलचे २४ साधे लूम आहेत, लाईटबिल झेपत नाही, तर सोलर आत्ता लावावं का बॅटरी स्वस्त होईपर्यंत थांबावं. दुसरं, मोहोळ तालुक्यात वडिलांची सहा एकर जमीन आहे, तिथं सौर पंप घ्यावा का. आणि तिसरं, सोलापुरात एवढं ऊन असून वीज महाग कशी, आणि सरकारचं हे सोलरचं धोरण बरोबर चाललंय का नाही. मी आधी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, मग एनर्जी ऑडिट, आणि आता बरीच वर्षं सोलर असं करत आलोय, लूमवाले आणि शेतकरी हेच माझे जास्त ग्राहक, त्यामुळं तिन्हीबद्दल मनापासून सांगतो, लांबेल जरा.

पहिलं उत्तर, थांबू नका. पण लावायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की तुम्ही वीज विकत घेत नाही, दुपार विकत घेताय. आपल्याकडं एक किलोवॅटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास मिळतात, आणि त्यातले बहुतेक सकाळी दहा ते चारच्या मधेच. तेवढ्या वेळात तुमचे लूम फिरत असतील तर सोलरचा पैसा वसूल होतो, नसतील तर ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनीला, युनिट देऊन रात्री परत घेण्याच्या भरवशावर राहावं लागतं, आणि तो भरवसा दरवर्षी कमी होत जाणार असं माझं स्पष्ट मत आहे.

का म्हणतो ते सांगतो. केंद्रानं २०२३ मधे ग्राहक हक्काच्या नियमात बदल केला, त्यात उन्हाच्या आठ तासात दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि पीकच्या, म्हणजे जास्त मागणीच्या, वेळी धंद्याच्या ग्राहकाला किमान १.२ पट, असं राज्यांना सांगितलंय. १० किलोवॅटच्या वरच्या कमर्शियल आणि इंडस्ट्रीला १ एप्रिल २०२४ ही तारीख दिली होती. इतकी वर्षं इंडस्ट्रीला रात्री वीज स्वस्त हेच गणित होतं, रात्री दहा ते सकाळी सहा सवलत, म्हणून नाईट शिफ्ट. आता ते उलटं फिरायलंय. दुपारी सगळ्या राज्यातून सोलर येतंय, तेव्हा वीज जास्त, आणि संध्याकाळी सातला सगळे घरी येऊन फॅन, टीव्ही, कूलर लावतात तेव्हा सोलर शून्य. मग दुपारी दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट एकाच भावात कोण कसं आणि किती वर्षं मोजून देईल? नेट मीटरिंगचं, म्हणजे दिलेलं युनिट घेतलेल्यातून वजा करायचं, गणित एजंट लोक कागदावर पंचवीस वर्षांचं काढून देतात, मी माझ्या ग्राहकाला सांगतो की तो कागद बाजूला ठेव, दिवसा स्वतः किती वापरणार तेवढंच धर, वरचं मिळालं तर मिळालं.

तुमचं बघू. २४ लूम, एकाला एक एचपीची मोटर धरली तर २४ एचपी, म्हणजे १८ किलोवॅट जोडलेला भार, पण सगळे एकदम फुल लोडवर कधी नसतात, कुणाचा ताणा तुटलेला, कुठं बीम बदलायलंय, प्रत्यक्षात बारा-तेरा किलोवॅट चालू असतं. १५ किलोवॅटचं सोलर पुरे, २० ला जाऊ नका. आणि अजून एक, २७ एचपीच्या आतले यंत्रमागवाले म्हणून तुम्हाला सरकारची सवलत मिळत असेल, तर युनिट आधीच स्वस्त पडतंय, म्हणून शेजारच्या इंजिनिअरिंगवाल्याचे पैसे चार वर्षात सुटले म्हणजे तुमचेही सुटतील असं नाही, तुम्हाला सहा वर्षं धरावी लागतील. खर्च किलोवॅटला साधारण ४५ ते ५५ हजार येतो, सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, आणि इन्कम टॅक्समधे ४० टक्के घसारा मिळतो तो सीएला विचारून घ्या, लूमवाले हे कायम विसरतात.

बॅटरीचं म्हणाल तर लूमला बॅटरी हे आज मला पटत नाही. घरात दोन फॅन आणि चार बल्ब चालवायला ठीक, पण मोटरच्या लोडला एवढी बॅटरी बसवली तर सोलरपेक्षा बॅटरीचाच खर्च जास्त. बॅटरी वर्षागणिक स्वस्त होतेय हे खरं, पण म्हणून सोलर थांबवायची गरज नाही, इन्व्हर्टर निवडताना पुढं बॅटरी जोडता येईल असा घ्या, बस.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढतो, कारण यावरून इथं कितीतरी भांडणं बघितली. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रीड सोलर लाईट गेली की बंद पडतं. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. इन्व्हर्टरला ग्रीड दिसली नाही की तो स्वतःहून बंद होतो, आणि तसंच पाहिजे, नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनीत जाईल आणि तिकडं पोलवर चढलेला लाईनमन मरेल. सोलर लावलं म्हणजे लोडशेडिंग गेलं असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता छत. तुमचं शेड जुनं आहे म्हणालात, वर सिमेंटचा पत्रा असेल. साडेपाचशे वॅटचं एक पॅनल २७-२८ किलोचं असतं, स्ट्रक्चर धरून चौरस मीटरला १५ किलोच्या वर भार जातो, आणि तो भार पत्र्यावर कधीच देऊ नका. पण खरी भीती वजनाची नाही, वाऱ्याची आहे. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी चारनंतर वळवाचं वादळ येतं तेव्हा वारा पॅनलला खालून उचलतो. स्ट्रक्चर सरळ खालच्या ट्रसला, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्याला, आणि कॉलमला धरलेलं पाहिजे, आणि ट्रस गंजलेले असतील तर आधी ते बदला. कोटेशनमधे स्ट्रक्चरच्या लोखंडाची जाडी आणि गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) लिहून मागा. स्वस्त कोटेशन तिथंच स्वस्त झालेलं असतं.

मे महिन्याचंच अजून एक. सगळ्यांना वाटतं सोलापूरचं ४३-४४ डिग्रीचं ऊन म्हणजे सोलरची दिवाळी. उलट आहे. पॅनलवर जे वॅट छापलेले असतात ते पॅनल २५ डिग्रीला असताना. मेमधे दुपारी दोनला पॅनलच्या पाठीला हात लावून बघा, ठेवता येणार नाही, ६५-७० डिग्री असतं, आणि प्रत्येक डिग्रीला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन पडतं, म्हणजे १४-१५ टक्के तिथंच गेले. ॲपवर बघाल तर फेब्रुवारी-मार्चमधे आकडे सगळ्यात चांगले दिसतात, ऊन स्वच्छ आणि हवा बेताची. म्हणून पत्र्याला चिकटवून पॅनल लावू नका, खाली वीतभर तरी जागा सोडा, वारा खेळला की दोन पैसे जास्त मिळतात.

आणि लूमच्या छतावर अजून एक दुखणं आहे जे पुण्याच्या कंपन्यांना कळत नाही, ते म्हणजे कापसाचं पीस, हवेत उडणारे बारीक तंतू. टॉवेलच्या शेडमधून एक्झॉस्टनं जे पीस बाहेर पडतं ते वर जाऊन पॅनलवर बसतं, पहाटेच्या दवानं ओलं होतं आणि त्यावर धूळ बसली की खालच्या कडेला एक राखाडी पट्टा तयार होतो. लांबून पॅनल स्वच्छ दिसतं, पण तो दोन बोटांचा पट्टा खालच्या ओळीतले सेल झाकतो आणि सेल एकामागं एक जोडलेले असल्यानं त्या पॅनलचं उत्पादन धाडकन खाली येतं. लोक मग बोअरच्या पाण्यानं धुतात, आपलं बोअरचं पाणी किती जड ते तुम्हाला माहिती आहे, वाळलं की पांढरे डाग राहतात आणि ते पुढं निघत नाहीत. मऊ ब्रशनं आधी कोरडं झाडा, मग साधं गोडं पाणी वापरा, आरओचं वाया जाणारं नको, त्यात क्षार जास्त असतात, आणि धुणं सकाळी सातच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. एक्झॉस्टची तोंडं पॅनलच्या उलट्या बाजूला फिरवली तर निम्मं काम तिथंच होतं.

लूमबद्दल बोलताना डाईंगचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. सोलापुरात क्लीन एनर्जी म्हटलं की सगळे छतावरच्या पॅनलचे फोटो टाकतात, पण आपल्या चादर-टॉवेलच्या धंद्यात सूत रंगवायला जे ६० ते ९५ डिग्रीचं पाणी लागतं त्याच्यासाठी बॉयलरमधे लाकूड आणि कोळसा जळतोय, त्याकडं कुणाचं लक्ष नाही. सोलर वॉटर हीटरनं किंवा हीट पंपानं पाणी ५५-६० पर्यंत आधी तापवून घेतलं आणि पुढचं बॉयलरनं केलं तर लाकूड बरंच वाचतं, गरम सांडपाण्याची उष्णता परत घेतली तर अजून. याला सबसिडी द्या, छोट्या डाईंगवाल्याला बँकेची हमी द्या. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ला आली, तीन किलोवॅटला ७८ हजार मिळतात, उत्तम योजना आहे, मी स्वतः लोकांना करून देतो, पण ती घरासाठी. आपल्या पूर्व भागात खाली लूम आणि वर घर अशी कितीतरी कुटुंबं आहेत, त्यांच्या वरच्या मीटरला अनुदान आणि खालच्या मीटरला काही नाही, आणि खरी वीज खालच्याच मीटरवर जळते. हे धोरण ठरवणाऱ्यांनी एकदा अशा घरात येऊन बघायला पाहिजे असं मला तळमळीनं वाटतं.

आता मोहोळची जमीन. वडिलांच्या विहिरीवर आधीच ५ एचपीचं कनेक्शन आहे म्हणालात, मग 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचा विषयच मिटला, ती पाण्याची सोय असलेल्या पण वीज कनेक्शन नसलेल्या शेतकऱ्यासाठी आहे. ज्याच्याकडं लाईन पोचलीच नाही त्यानं ती डोळे झाकून घ्यावी, शेतकऱ्याला १० टक्केच भरायचे, एससी-एसटीला ५ टक्के, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५ आणि पुढं साडेसात. ज्याच्या घरात रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन पाणी द्यायला जायची वेळ येते, पायाखाली साप का काटकी ते कळत नाही, त्याला दिवसाचं पाणी म्हणजे काय ते विचारा. या एका कारणासाठी मी शेतीच्या सोलरच्या पूर्ण बाजूनं आहे.

पण जिथं लाईन आहे तिथं एकेका पंपाला सोलर देण्यापेक्षा अख्खा फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी लाईन, सोलरवर नेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० चा मार्ग. सबस्टेशनच्या जवळ काही मेगावॅटचा प्लांट, तिथली वीज शेतीच्याच फीडरला, दिवसा. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार आणि दरवर्षी त्यावर ३ टक्के वाढ, माळरान असलेल्याला हे वाईट नाही. शेतकऱ्याचा पंप वर्षात कसाबसा पाच महिने चालतो, बाकीचे सात महिने त्याच्या बांधावरचं पॅनल नुसतं ऊन खात उभं, पण फीडरवरच्या प्लांटची वीज पंप बंद असले तरी ग्रीडला जाते, वाया जात नाही. चोरी, फुटलेलं पॅनल, पंप कंपनीचा माणूस फोन उचलत नाही, ही कटकटही शेतकऱ्याच्या डोक्यावर राहत नाही.

मात्र नुसता प्लांट उभा करून भागत नाही, खालची डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, बघा. ६३ केव्हीएची डीपी, तिच्यावर कागदावर बारा पंप, प्रत्यक्षात अठरा, आणि प्रत्येकाच्या पेटीत पंप आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच. लाईट आली की अठराच्या अठरा मोटरी त्याच सेकंदाला उठतात, सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज धपकन पडतं, मोटरी घुं-घुं करत गरम होतात, कुणाचं वायंडिंग जातं आणि आठवड्यात डीपी जळते. मग वर्गणी काढा, ट्रॅक्टरला घालून डीपी न्या, ऐन गव्हाच्या पाण्याला आठ दिवस अंधार. ह्यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे, प्रत्येक पंपाला कपॅसिटर आणि ऑटोस्विचला वेगवेगळा उशीर लावायचा टायमर, म्हणजे मोटरी एकामागं एक उठतील. हजारो कोटींच्या योजनेत या दोन वस्तूंचा आग्रह धरला तर सोलरची वीज खरोखर पंपापर्यंत पोचेल.

आता ज्या विषयावर माझं लोकांशी वाजतं तो, पाणी. बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट आहे. सौर पंपाला तर बिलच नाही. म्हणजे पाणी उपसायला आता खर्चाचा कसलाच अटकाव राहिला नाही, आणि आपला जिल्हा कसला, तर वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पावसाचा, आणि राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याकडं. उसाला वर्षाला २००० मिलीमीटरच्या वर पाणी लागतं. उजनी ११७ टीएमसीचं धरण, पण कालवा जिथं नाही तिथला ऊस बोअरवरच. भूजलाचा २००९ चा कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध आणतो, म्हणजे दोनशे फूट, आणि सांगोला-मंगळवेढ्याकडं बोअरच्या गाड्या पाचशे-सातशे फूट मारून जातात. दिवसभर ऊन, दिवसभर फुकट पंप, हे असंच चाललं तर पॅनल पंचवीस वर्षं टिकेल आणि बोअर पाचच.

मी फुकट विजेच्या विरोधात बोललो की गावात लोक रागावतात, म्हणतात तुम्हाला शेतकऱ्याचं काय कळतंय. मी शेतकऱ्याचा पैसा काढून घ्या म्हणतच नाही. तो त्याला दुसऱ्या वाटेनं द्या म्हणतो. गुजरातमधे खेडा जिल्ह्यात धुंडी गावात २०१६ च्या सुमाराला सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, पंप ग्रीडला जोडले, आणि पाणी देऊन उरलेली वीज विकायला लागले. पुढं २०१८ मधे गुजरात सरकारनं सूर्यशक्ती किसान योजना त्याच धर्तीवर आणली. युनिट विकून पैसे मिळतात म्हटल्यावर शेतकरी स्वतःच विचार करतो की हे पाणी उसाला सोडू का वीज विकू, डाळिंबाला ठिबकवर पाच तास पुरे आहेत का. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला हे गणित दोन मिनिटात कळेल. आपल्याकडं सहकाराची एवढी मोठी परंपरा असून सौर विजेच्या सोसायट्या गावोगाव का निघू नयेत? आणि पाण्याचं बंधन गावानं स्वतः घालता येतं हे हिवरे बाजारनं दाखवलंय, शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, आणि तेही कमी पावसाचंच गाव. मीटर बसवायला विरोध करू नका असं मी शेतकऱ्यांना सांगतो, कारण मीटर नसेल तर वाचवलेलं युनिट दाखवणार कसं आणि त्याचे पैसे मागणार कशाच्या जोरावर? मीटर नसलेल्या पंपाच्या विजेचा हिशेब एचपीवर धरतात, त्यात गळती, चोरी सगळं शेतकऱ्याच्या नावावर टाकून मोकळं होता येतं.

ऊन असून वीज महाग का, याचं उत्तरही इथंच आहे. शेतीच्या आणि छोट्या घराच्या स्वस्त विजेचा काही भार धंद्याच्या दरावर टाकला जातो, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात, आणि संध्याकाळची वीज अजूनही कोळशाची. आपल्या दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा ६६०-६६० मेगावॅटचे दोन संच असलेला प्लांट आहे, कोळसा बाहेरून रेल्वेनं येतो आणि पाणी उजनीतून. शेकडो मैलांवरून कोळसा आणि तहानलेल्या जिल्ह्याचं पाणी, हे एकत्र करून वीज करायची, तर ती स्वस्त कशी पडणार. पण उद्याच तो बंद करा असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही, संध्याकाळी सहानंतर काय चालवणार ते आधी सांगा. गंमत बघा, उजनीच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं असं टर्बाईन आहे जे पाणी खाली सोडून वीजही करतं आणि उलटं फिरून पाणी वरही चढवू शकतं. दुपारची जास्तीची वीज साठवायचा हाच तर मार्ग आहे, बॅटरीबरोबर असे प्रकल्प वाढले तर कोळशाचे संध्याकाळचे तास कमी होतील. पैसे तिकडं लावा, नवीन कोळशाच्या संचाला नको.

कुंभारीजवळ विडी, यंत्रमाग आणि इतर कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आहे, अशा ठिकाणी छत सगळ्यांचं मिळून असतं आणि एकेकाला योजना घेणं अवघड. सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालू शकतात. पण त्याच्यापुढं जाऊन एकाच छतावरच्या विजेचे युनिट सगळ्यांच्या बिलात वाटून मिळाले पाहिजेत. ज्या बाईचं बिल चार-पाचशे रुपये आहे तिला तेवढे वाचले तर महिन्याचं तेल-डाळ निघते, आणि माझ्या मते अनुदानाचा पहिला हक्क तिचा आहे, तीन मजली बंगल्याचा नंतर.

तुमच्यापुरतं आता एवढं करा. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, त्यात वेळेनुसार दर लागलाय का आणि दिवसाच्या रकान्यात किती युनिट पडतात ते बघा. दिवसपाळीचे लूम भरून चालवायचे आणि रात्रपाळी कमी करायची हे कामगारांशी बोलून घ्या, कारण त्यांच्या मजुरीला धक्का न लावता पाळ्या बदलल्या तरच ते होईल, आणि तसं होत असेल तर १५ किलोवॅट, नसेल तर १० वर थांबा. ट्रसची तपासणी आत्ता करून घ्या, म्हणजे स्ट्रक्चर वळवाच्या वादळाआधी उभं राहील. मोहोळला वडिलांना सांगा की तुमच्या फीडरला वाहिनी योजनेचा प्लांट मंजूर आहे का ते सबस्टेशनला जाऊन विचारून या, आणि तोपर्यंत कपॅसिटर आणि टायमर घेऊन डीपीवरच्या बाकीच्यांनाही बसवायला लावा, एका पंपाला हे दोन्ही बसवणं जळालेल्या मोटरीचं वायंडिंग करण्यापेक्षा स्वस्त पडतं.